मावळ्यांचा पोशाख घालून रामशेजवर मानवंदना देण्यात काही अर्थ आहे का?

तुम्ही विचारलंय की, दरवर्षी काही मंडळी बाराबंदी-मुंडासं घालून रामशेजवर जातात आणि तिथे कामी आलेल्यांना मानवंदना देतात, ते फोटोपुरतं असतं की आणखी काही? नुसती फुलं वाहून नाही का भागत?

मी नाशिकचाच, आणि त्या मंडळींतला एक. फुलं वाहूनही भागतं. मला मात्र रामशेज कळला तो त्या पोशाखामुळे.

नाशिकच्या उत्तरेला, दिंडोरीच्या वाटेवर, आशेवाडीच्या डोक्यावरचा हा बेताचाच किल्ला. १६८२ साली औरंगजेबाने इथे शहाबुद्दीनखानाला धाडलं. पहिल्या निजामाचा हा बाप. त्याला जमेना म्हणून बहादूरखान आला, त्यालाही जमलं नाही. जवळपास पाच वर्षं गड हाती लागला नाही, आणि शेवटी गेला तो पैशाच्या फितुरीने. मोगलांकडचाच इतिहासकार खाफीखान लिहून गेलाय की गडावर लोखंडी तोफा नव्हत्या, तर मराठ्यांनी झाडांचे बुंधे पोखरले आणि त्या लाकडी तोफा डागल्या.

मी आलो तेव्हा मलाही तलवारच हवी होती. सगळ्यांनाच हवी असते. आमच्यातले एक काका म्हणाले, "तुमच्या घरात सुतारकाम ना रे? मग पटाशी घेऊन ये." आजोबांची पटाशी माळ्यावर पडून होती. ती काढली, धार लावली आणि बाभळीचा हातभर ओंडका पोखरायला बसलो. पहिल्या दिवशी चार बोटंही आत शिरलो नाही. गाठ लागली की पटाशी उसळायची. तळहाताला फोड आले, फुटले. दुसऱ्या दिवशी अंधार पडता पडता कशीबशी मूठ जाईल एवढी पोकळी झाली. आणि मी अंगणात बसलो होतो. खाली शत्रूची छावणी नव्हती, पोरं जेवून झोपली होती. त्या गडावरच्या सुताराचे हात मला तेव्हा कुठे कळले.

तिथे पडलेल्या साध्या शिपायांची नावं कागदावर उतरली नाहीत. म्हणून आम्ही कामाची हाळी देतो. पहाटे तटावर उभं राहायचं. "पहारेकरी! गोफणवाला! गोलंदाज! पखालवाला! चर्मकार! सुतार!" ज्याची हाळी येईल त्याने पुढे होऊन "हजर" म्हणायचं आणि पणती लावायची. वारा एवढा असतो की दोन्ही हातांचा आडोसा करूनही वात विझते. पुन्हा लावायची. पहिल्या वर्षी "हजर" म्हणताना माझा आवाज फुटलाच नाही. समोर नुसत्या द्राक्षबागा दिसत होत्या, अन् मला तिथे तंबू दिसत होते.

तुमची शंका अगदीच चुकीची आहे असं मात्र नाही. तलवार उपसून रील काढायला येणारे असतात, आणि त्यांची मला चीड येते. आमच्याकडे मोबाईल, घड्याळ, बूट सगळं पायथ्याशी राहतं. टाक्याच्या पाण्यात कोणी पाय घालत नाही, आणि उतरताना दुसऱ्यांनी टाकलेल्या बाटल्याही गोणीत भरून खाली आणतो.

यंदा गोफणवाला कमी आहे. यायचं मनात असेल तर सुती कपडे आणि चामडी वहाणा घाला. गोफण आम्ही देऊ, ती फिरवायला शिकायला मात्र महिनाभर आधी या.