निम्मी फी माफ, पण कॉलेज टिकेल का?

भाचीला अमेरिकेतल्या एका छोट्या कॅथलिक कॉलेजने निम्मी फी माफ केली. म्हणजे तिची हुशारी त्यांनी हेरली ना?

भाची हुशार असेलच, पण त्या पत्रावरून ते ठरवू नका. तिथल्या खासगी कॉलेजांत पहिल्या वर्षाला छापील फीवर सरासरी निम्म्याहून जास्त सूट मिळते. वर्ग रिकामा असला तरी प्राध्यापकांचा पगार चुकत नाही, म्हणून कमी फीत का होईना, मुलं हवी असतात. 'स्कॉलरशिप' म्हटलं तरी बहुतेकदा ती न घेतलेली फीच. पत्रातली बारीक अक्षरं वाचा. समजा, फी ४०,००० डॉलर आणि सूट २२,०००, भरायचे १८,०००. पुढच्या वर्षी फी चार टक्के वाढली, सूट तेवढीच राहिली, तर भरायचे १९,६००. तुमच्या खिशाला ही वाढ जवळपास नऊ टक्क्यांची!

इतकी जुनी कॉलेजं बंद का पडतात? चर्च पैसा देत नाही?

देतं, पण बहुतेक ठिकाणी अगदी थोडा. पूर्वी कॅथलिक कॉलेजांत नन आणि धर्मगुरू जवळजवळ फुकट शिकवत. ती पिढी सरली. त्यात अमेरिकेतले जन्म २००७ मध्ये ४३ लाखांवर गेले आणि नंतर घटत राहिले. २००७ ची मुलं आता कॉलेजच्या वयाची झाली आहेत, म्हणजे यापुढे विद्यार्थी कमीच. मेथडिस्ट या प्रोटेस्टंट पंथाच्या परंपरेतलं, १८४२ पासूनचं आयोवा वेस्लियन २०२३ मध्ये बंद झालं.

हिंदू मुलीला प्रार्थनेला बसावं लागेल?

कॅथलिक कॉलेजात सहसा नाही. धर्मशास्त्राचे एकदोन पेपर असतात. इव्हँजेलिकल, म्हणजे कट्टर प्रोटेस्टंट वळणाच्या कॉलेजांत मात्र अनेकदा चॅपलची, म्हणजे प्रार्थनासभेची हजेरी लागते, काही ठिकाणी प्रवेशालाच श्रद्धेच्या निवेदनावर सही मागतात. सही करायची आणि मनात हसायचं, हे मला पटत नाही.

मध्येच बंद पडलं तर?

अलाबामातल्या बर्मिंगहॅम-सदर्न या मेथडिस्ट कॉलेजने बंद होत असल्याचं २०२४ च्या मार्चअखेर जाहीर केलं आणि ३१ मेला दारं लावली. अशा वेळी 'टीच-आउट' करार असेल तर दुसरं कॉलेज मुलांना सामावून घेतं, पण सगळी क्रेडिट्स जुळतीलच असं नाही. परदेशी मुलांना व्हिसासाठी सेव्हिसची (परदेशी विद्यार्थ्यांच्या सरकारी नोंदप्रणालीतली) नोंदही मुदतीत नव्या कॉलेजकडे वर्ग करावी लागते. म्हणून आधीच कॉलेजचा 'फॉर्म ९९०', म्हणजे कर खात्याला दिलेला वार्षिक जमाखर्च, शोधा. बहुतेक ना-नफा कॉलेजांचा तो सार्वजनिक असतो. सलग तीन वर्षं तूट दिसली, तर दुसरं कॉलेज बघा.