आधी अर्धा एकर

प्रश्न (पुणे): जुन्नर तालुक्यात वडिलांची दोन एकर बागायत आहे. आम्ही दोघं नोकरी करतो. येत्या खरिपापासून सगळं रान एकदम सेंद्रिय करावं का?

उत्तर: नको. अर्धा एकर घ्या, तोही विहिरीजवळचा. बाकीचं वडील करतात तसं चालू द्या. रासायनिक खत एकदम तोडलं की सुरुवातीला उत्पादन घटतं, आणि नेमके तेव्हाच भावकीतले सल्लागार वाढतात. अर्ध्या एकरातली घट तुमचा पगार सोसेल.

खरी अडचण हातांची. तणनाशक नाही म्हणजे खुरपणी आली, आणि जुलैत सगळ्या गावाची खुरपणी एकदम निघते. तेव्हा मजूर मिळत नाही. रान किती धरायचं ते घरात खुरपं धरणारे किती, यावर ठरवा.

उन्हाळ्यात, खत टाकण्याआधी, मातीचे नमुने काढा: नागमोडी चालत, अर्धा फूट खोलीवरून. अहवालात सेंद्रिय कर्बाचा (मातीत कुजून मुरलेल्या काडीकचऱ्याचा) आकडा आधी बघा. चांगला पाऊस झाला की ताग किंवा धैंचा, म्हणजे हिरवळीच्या खताचं पीक, पेरा आणि साधारण ४५ दिवसांनी, फुलोऱ्यात येताना, गाडून टाका. या खरिपात त्या तुकड्यातून विकायला काही काढायचं नाही, हे वडिलांना आधीच सांगून ठेवा. रब्बीत घरात लागतं तेच घ्या: हरभरा, कांदा, लसूण, मेथी. हरभऱ्याच्या बियाण्याला रायझोबियम (मुळांवर हवेतलं नत्र धरणारे जिवाणू) चोळाल ते हरभऱ्याचंच हवं, तुरीचं पाकीट चालत नाही.

प्रश्न (बार्शी): नुसत्या जीवामृतावर भागेल का? त्यासाठी गीर गाय घ्यावी म्हणतो.

उत्तर: जीवामृत म्हणजे शेण-गोमूत्राचं आंबवलेलं पाणी. एकरी २०० लिटर जीवामृतात १० किलो शेण, ५ ते १० लिटर गोमूत्र, किलो-दोन किलो गूळ आणि तेवढंच बेसन असतं. सगळं मिळून त्यात नत्र पाव किलोच्या आसपास. संकरित खरीप ज्वारीला एकरी ३२ किलो नत्राची शिफारस आहे. जीवामृत हे विरजण समजा. दूध, म्हणजे शेणखत, हिरवळीचं खत, पालापाचोळा, वेगळं लागतंच. गायीचं म्हणाल तर गोठ्यात आहे ती पुरे. केवळ शेणासाठी महाग गाय घेऊ नका.

प्रश्न (निफाड): शेजारी द्राक्षावर सतत फवारणी असते. मग माझ्या मालाला प्रमाणपत्र मिळेल का?

उत्तर: मधे पट्टा सोडावा लागेल. बांधालगत मका किंवा नेपियर (उंच वाढणारं चाऱ्याचं गवत) दाट लावा. तो पट्टा सेंद्रिय म्हणून विकायचा नाही. शेजाऱ्याचं रान वरच्या अंगाला असेल तर पाणी अडवायला चरही काढा. देशातच विकायचं असेल तर पीजीएस-इंडिया या सरकारी प्रमाणपत्र योजनेची गट पद्धत स्वस्त पडते. त्यात किमान पाच शेतकरी एकमेकांचं रान तपासतात. हंगामी पिकांना रूपांतराची, म्हणजे रासायनिक सोडून सेंद्रिय ठरेपर्यंतची, दोन वर्षं धरून चाला. फवारणीच्या दिवशी आधी एक फोन कर, एवढं शेजाऱ्याला सांगा. भांडणापेक्षा ते जास्त उपयोगी पडतं.

प्रश्न (ठाणे): आमच्या घरात कुणाच्याच नावावर सातबारा नाही. जमीन घेता येईल?

उत्तर: शेतकरी नसलेल्याला परवानगीशिवाय शेतजमीन विकत घेता येत नाही (कुळकायदा, कलम ६३). आजोबांचं नाव कुठल्या जुन्या उताऱ्यावर आहे का, ते आधी शोधा. खंडाने घ्यायची तर अकरा महिन्यांचा करार कामाचा नाही. माती तुम्ही सुधारायची आणि पीक पुढच्याने काढायचं. पण कूळ लागेल, म्हणजे कसणारा जमिनीवर हक्क सांगेल, या भीतीने मालक लांबचा करार टाळतो, म्हणून वकिलाकडून मसुदा करून घ्या. विहीर सामाईक असेल तर पाण्याच्या पाळ्याही त्यातच लिहून घ्या.