वाचक विचारतात : वायोमिंग, माणसं कमी आणि भानगडी फार

मागच्या अंकात अमेरिकेतल्या वायोमिंग राज्यावर एक छोटंसं टिपण दिलं होतं, कोपऱ्यात, जागा उरली म्हणून. त्यावर इतके प्रश्न येतील असं वाटलं नव्हतं. सगळ्यांना उत्तरं देणं शक्य नाही, म्हणून जे प्रश्न फिरून फिरून आले आणि जे वाचून आमचीच झोप उडाली असे निवडक घेतलेत.

प्रश्न : 1869 साली वायोमिंगने बायकांना मताचा हक्क दिला असं तुम्ही लिहिलंत. त्या काळात तिथे खाणी, गुरं, सलून आणि बंदुका याशिवाय काही नव्हतं म्हणे. मग तिथलेच पुरुष एवढे पुढारलेले कसे निघाले?

पुढारलेले वगैरे काही नाही हो, राजकारण होतं सगळं. तेव्हा वायोमिंग हे राज्य नव्हतंच, टेरिटरी होती, म्हणजे गव्हर्नर वॉशिंग्टनहून नेमलेला आणि विधिमंडळ तिथल्या लोकांनी निवडलेलं. विधिमंडळात सगळे डेमोक्रॅट आणि गव्हर्नर जॉन कॅम्पबेल रिपब्लिकन. विल्यम ब्राइट नावाच्या सदस्याने बिल आणलं, हा साउथ पास सिटीत सलून चालवायचा, आणि त्याचं म्हणणं साधारण असं की गुलामीतून सुटलेल्या काळ्या पुरुषांना मत मिळतंय तर माझ्या बायकोला का नको. म्हणजे हेतू तुम्ही समजता तेवढा निर्मळ नव्हता. काहींना वाटलं फुकटात टेरिटरीची जाहिरात होईल, बायका इकडे राहायला येतील, कारण पुरुष साधारण 6 आणि बाई 1 असा हिशेब होता. आणि काहींनी तर निव्वळ गव्हर्नरची गंमत करायला हात वर केला, की हा बिल अडवणार आणि तोंडावर पडणार. कॅम्पबेलने 10 डिसेंबर 1869 ला सही करून टाकली. झाली ना पंचाईत.

खरी मजा पुढे आहे. 1871 मध्ये पुढच्या विधिमंडळाने कायदा रद्द करायचं बिल पास केलं, कॅम्पबेलने व्हेटो मारला आणि तो व्हेटो मोडायला त्यांना एक मत कमी पडलं. एक! आमच्या मते त्या कायद्याचा खरा हिरो कॅम्पबेल, पण पुतळा बसला एस्थर मॉरिस यांचा. त्यांनी चहापार्टी देऊन ब्राइटकडून बिल आणायचा शब्द घेतला अशी एक गोष्ट सांगतात, ती 1919 मध्ये छापून आली, म्हणजे घटनेनंतर 50 वर्षांनी, आणि आता इतिहासकार ती फारशी मानत नाहीत. पण म्हणून बाईंना कमी लेखू नका. फेब्रुवारी 1870 मध्ये त्या साउथ पास सिटीच्या जस्टिस ऑफ द पीस झाल्या, अमेरिकेत न्यायाच्या खुर्चीवर बसलेली पहिली बाई, आणि तेही खाणकामगारांच्या गावात जिथे दारू पिऊन मारामारी हाच मुख्य खटला. साडेआठ महिने काम केलं आणि व्यवस्थित केलं.

आणि मत? 6 सप्टेंबर 1870 ला लॅरामी गावात लुइसा स्वेन नावाच्या 69 वर्षांच्या आजी सकाळी हातात छोटी बादली घेऊन यीस्ट आणायला निघाल्या होत्या, वाटेत मतदानकेंद्र लागलं, तर आधी मत दिलं आणि मग यीस्ट घेऊन घरी गेल्या. पुष्कळ ठिकाणी त्यांना पहिली मतदार म्हणतात, पण इथे एक खोच आहे. शेजारच्या युटाने कायदा नंतर केला, फेब्रुवारी 1870 मध्ये, पण त्यांच्याकडे निवडणूक आधी आली, त्यामुळे सॉल्ट लेक सिटीतल्या बायका लुइसा आजींच्या सहा-सात महिने आधीच मत देऊन मोकळ्या झाल्या होत्या. पुढे 1887 मध्ये काँग्रेसने, म्हणजे अमेरिकेच्या संसदेने, युटातल्या बायकांचं मत काढून घेतलं. वायोमिंगचं टिकलं, आणि 1890 मध्ये राज्य झालं तेव्हा हक्क घटनेत घालूनच आत आलं.

प्रश्न : वायोमिंगचं ब्रीदवाक्य ‘समान हक्क’ आहे. हे सगळ्यांना लागू होतं का?

नाही. थेट उत्तर तेच आहे. रॉक स्प्रिंग्ज नावाचं कोळशाच्या खाणींचं गाव आहे, खाणी युनियन पॅसिफिक रेल्वेच्या. 1875 मध्ये संप झाला तेव्हा कंपनीने चिनी मजूर आणले, कमी पैशात काम करणारे, आणि गोऱ्या मजुरांचा राग कंपनीवर निघायच्या ऐवजी त्यांच्यावर निघत राहिला, दहा वर्षं धुमसत. 2 सप्टेंबर 1885 ला सकाळी खाणीत जागेवरून भांडण झालं आणि दुपारी बंदुका घेऊन जमाव चिनी वस्तीत घुसला. किमान 28 माणसं मेली, घरं जाळली, काहीजण घरातच जळाले, जे पळाले ते डोंगराकडे उघड्यावर. बायकासुद्धा जमावात होत्या, हे मुद्दाम सांगतोय, कारण मताचा हक्क मिळालेला होता त्यांना. धरपकड झाली पण शिक्षा एकालाही नाही, साक्ष द्यायलाच कोणी तयार नाही. काँग्रेसने पुढे नुकसानभरपाई म्हणून सुमारे 1 लाख 47 हजार डॉलर दिले, आणि फौज तिथे 1898-99 पर्यंत ठेवावी लागली.

प्रश्न : अमेरिकेतली पहिली महिला गव्हर्नरही वायोमिंगचीच ना? ती नवऱ्याच्या जागी बसली असं ऐकलं.

हो, नेली टेलो रॉस. नवरा विल्यम रॉस गव्हर्नर होता, ऑक्टोबर 1924 मध्ये अपेंडिक्सच्या ऑपरेशननंतर गेला, नोव्हेंबरात पोटनिवडणूक लागली आणि पक्षाने बाईंना उभं केलं. प्रचाराला बाहेर पडल्याच नाहीत, सुतकातच होत्या, तरी निवडून आल्या. 5 जानेवारी 1925 ला शपथ. रॉसबाई निवडून आल्या त्याच दिवशी टेक्ससमध्येही मिरियम फर्ग्युसन निवडून आल्या होत्या पण त्यांची शपथ 15 दिवसांनी झाली, म्हणून पहिलीचा मान वायोमिंगला. 1926 मध्ये मात्र थोडक्यात हरल्या.

‘नवऱ्याच्या जागी बसली’ म्हणून जे हसतात त्यांनी पुढचं वाचावं. 1933 मध्ये राष्ट्राध्यक्ष रूझवेल्टने त्यांना अमेरिकेच्या टांकसाळीचं डायरेक्टर केलं आणि तिथे त्या 20 वर्षं होत्या, 1953 पर्यंत. फोर्ट नॉक्सची सरकारी सोनं ठेवायची तिजोरी बांधली गेली ती यांच्याच काळात. वयाच्या 101 व्या वर्षी, 1977 मध्ये गेल्या. आणि गंमत बघा, त्यांच्यानंतर 2022 च्या निवडणुकीपर्यंत वायोमिंगने एकही बाई गव्हर्नर म्हणून निवडून दिली नाही. एकदा दिलं, बास झालं.

हां, जॅक्सन गावाचं सांगायचं राहिलं. 1920 च्या मे महिन्यात तिथे मेयर ग्रेस मिलर आणि अख्खी कौन्सिल बायकांची निवडून आली. त्यातल्या रोझ क्रॅबट्री यांनी तर स्वतःच्या नवऱ्यालाच हरवलं. गावच्या मार्शलही, म्हणजे पोलीस अधिकारी, पर्ल विल्यम्स ही बाईच, आणि मार्शलचं मोठं काम काय, तर गावात शिरणारी मोकाट गुरं हाकलणं.

प्रश्न : एका गव्हर्नरने माणसाच्या कातड्याचे बूट घातले होते हे खरं की इंटरनेटवरची थाप?

बूट खरे आहेत, रॉलिन्स गावच्या म्युझियममध्ये ठेवलेत. जेवण झालं असेल तरच पुढे वाचा.

जॉर्ज पॅरट, टोपणनाव बिग नोज जॉर्ज, नाकामुळे. 1878 मध्ये त्याच्या टोळीने रेल्वे लुटायचा प्रयत्न केला, फसला, आणि पाठलागावर आलेल्या दोघांना त्यांनी गोळ्या घातल्या. पुढे जॉर्ज माँटानात पकडला गेला, रॉलिन्सला आणला, फाशीची तारीख पडली 2 एप्रिल 1881. त्याने मार्चमध्ये तुरुंगातून पळायचा प्रयत्न केला, जेलरला जबर मारहाण केली, मग गावकऱ्यांनी तारखेची वाट बघितली नाही, बाहेर काढून तारेच्या खांबाला लटकवला.

आता मृतदेहावर हक्क सांगणारं कोणी नाही. दोन डॉक्टर पुढे आले, मगी आणि ऑसबोर्न, म्हणे गुन्हेगाराचा मेंदू वेगळा असतो का ते बघायचंय. इथपर्यंत एकवेळ विज्ञान म्हणू. पण ऑसबोर्नने कातडी काढून डेन्व्हरला कमवायला पाठवली आणि बूट शिवून घेतले! आणि हाच जॉन ऑसबोर्न 1893 मध्ये वायोमिंगचा गव्हर्नर झाला. शपथविधीला तेच बूट घातले होते असं सांगतात. नंतर वॉशिंग्टनला परराष्ट्र खात्यात मोठ्या पदावरही गेला, म्हणजे बुटांनी करिअरचं काही बिघडवलं नाही.

कवटीचा वरचा भाग मगींनी त्यांच्या हाताखाली शिकणाऱ्या लिलियन हीथ या पोरीला दिला, वय पंधरा-सोळा. ही लिलियन पुढे वायोमिंगची पहिली महिला डॉक्टर झाली. उरलेला जॉर्ज व्हिस्कीच्या पिंपात घालून पुरला आणि लोक विसरून गेले. 1950 मध्ये बांधकामासाठी खोदताना पिंप वर आलं, आत हाडं आणि वरून कापलेली कवटी. कोणाला तरी आठवलं की लिलियनबाई अजून हयात आहेत. त्यांच्याकडचा तुकडा आणून लावून बघितला तर तंतोतंत बसला. इतकी वर्षं बाईंनी तो घरात नीट सांभाळून ठेवला होता, कशाला ते त्यांनाच ठाऊक.

प्रश्न : डेव्हिल्स टॉवरवर कोणीतरी पॅराशूटने उतरून अडकलं होतं, त्याबद्दल सांगा.

जॉर्ज हॉपकिन्स, 1 ऑक्टोबर 1941. डेव्हिल्स टॉवर म्हणजे सपाट माथ्याचा उभा सरळ कडा, पायथ्यापासून साधारण 264 मीटर, 1906 मध्ये अमेरिकेचं पहिलं नॅशनल मोन्युमेंट, म्हणजे राष्ट्रीय स्मारक, झालं ते हेच. या भल्या माणसाने 50 डॉलरची पैज मारली की विमानातून उडी टाकून बरोबर माथ्यावर उतरून दाखवतो. उतरला! प्रॉब्लेम खाली यायचा होता. त्याच्यासाठी विमानातून दोर टाकला तो घरंगळून कड्याच्या कडेखाली गेला आणि हॉपकिन्स वर तसाच. पार्कवाल्यांना आधी कल्पनाही दिलेली नव्हती. मग रोज विमान येऊन खाणं, पांघरुणं टाकतंय, वर थंडी-पाऊस, खाली बघ्यांची जत्रा, पेपरांत रोज बातमी, कोणी म्हणतंय आम्ही ब्लिंप, म्हणजे फुग्यासारखं हवाई जहाज, पाठवतो. शेवटी जॅक ड्युरन्स, पॉल पेटझोल्ट वगैरे गिर्यारोहक आले आणि 6 ऑक्टोबरला कडा चढून त्याला दोराने उतरवलं. सहा दिवस! आणि मूळ प्लॅन म्हणे पुढच्या मोठ्या विक्रमाची जाहिरात करायचा होता. जाहिरात झालीच म्हणायची.

प्रश्न : दुसऱ्या महायुद्धात जपानी वंशाच्या लोकांना वायोमिंगमध्ये डांबलं होतं का?

हो, हार्ट माउंटन कॅम्प, कोडी आणि पॉवेल या गावांच्या मध्ये, ऑगस्ट 1942 ते नोव्हेंबर 1945. कॅलिफोर्नियाच्या उबेतून आलेली माणसं, डांबरी कागद ठोकलेल्या लाकडी बराकी, आणि वायोमिंगचा हिवाळा. सर्वात जास्त होती तेव्हा 10,767 माणसं, म्हणजे तारेच्या कुंपणाआडचा हा कॅम्प लोकसंख्येत राज्यातलं तिसऱ्या नंबरचं गाव ठरत होता. बहुतेक जण अमेरिकेचे जन्मजात नागरिक. त्यातल्याच तरुणांना सैन्यात भरतीच्या नोटिसा आल्या. शेकडो गेलेही. पण काहींनी सांगितलं, आधी आम्हाला सोडा, नागरिक म्हणून वागवा, मग लढायला येतो. 1944 मध्ये अशा 63 जणांवर एकत्र खटला चालला आणि सगळ्यांना तुरुंग झाला. राष्ट्राध्यक्ष ट्रुमनने 1947 मध्ये माफी दिली. त्यांचं म्हणणं चुकीचं होतं असं आम्हाला तरी अजिबात वाटत नाही.

या कॅम्पमधल्या एका दोस्तीबद्दल मात्र सविस्तर सांगायलाच हवं. कॅम्पमध्ये बॉय स्काउटची पथकं होती, त्यांनी आसपासच्या गावांतल्या पथकांना बोलावलं, बाकीचे बिचकले, कोडीचं पथक आलं. त्यात ॲलन सिम्पसन नावाचा गोरा मुलगा, वकिलाचा पोरगा, आणि त्याला तंबूत जोडीदार मिळाला कॅलिफोर्नियातल्या सॅन होजेहून आणलेला नॉर्मन मिनेटा. दोघांचा जन्म 1931 चा. पावसाची चिन्हं होती म्हणून दोघांनी तंबूभोवती चर खणला, आणि तो असा वळवला की सगळं पाणी उतारावरच्या एका दांडगट पोराच्या तंबूत जावं. पाऊस आला, पाणी गेलं, तंबू बसला, सिम्पसन खदाखदा हसत सुटला. पुढे मिनेटा सॅन होजेचे मेयर झाले तेव्हा सिम्पसनने पेपरात वाचून पत्र टाकलं. मग मिनेटा डेमोक्रॅट खासदार, सिम्पसन रिपब्लिकन सिनेटर, म्हणजे वरच्या सभागृहाचा सदस्य, आणि 1988 च्या कायद्यासाठी दोघांनी आपापल्या सभागृहात जोर लावला, ज्यात सरकारने जाहीर माफी मागून हयात असलेल्या प्रत्येकाला 20,000 डॉलर दिले. 11 सप्टेंबर 2001 ला अमेरिकेवरची सगळी विमानं खाली उतरवायचा आदेश निघाला तेव्हा वाहतूकमंत्री हेच मिनेटा होते, आणि नंतर मुस्लिम प्रवाशांना वेगळं काढून तपासायला त्यांनी ठाम विरोध केला.

प्रश्न : एवढं सगळं घडलं तरी तिथे माणसंच राहत नाहीत म्हणे?

2020 च्या जनगणनेत 5,76,851. अमेरिकेतलं सर्वात कमी लोकसंख्येचं राज्य, आणि क्षेत्रफळ अडीच लाख चौरस किलोमीटरहून जास्त. तरी सिनेटर दोन, जेवढे जवळपास 4 कोटींच्या कॅलिफोर्नियाला तेवढेच. यावर अमेरिकेत कायम वाद चालू असतो.

प्रश्न : ‘जॅकलोप’ हा प्राणी वायोमिंगमध्येच सापडतो का?

सापडत नाही, बनवतात. डग्लस गावात 1930 च्या दशकात एका पेंढा भरणाऱ्या कारागिराने मेलेल्या सशाला शिंगं चिकटवली आणि तो तुकडा हॉटेलवाल्याला विकला, तेव्हापासून गावाचा धंदा तोच. तिथे शिकारीचं लायसन्सही देतात, फक्त 31 जूनलाच चालतं. तुम्ही जाणार असाल तर तारीख बघून तिकीट काढा.