क्लबच्या संध्याकाळच्या मेळाव्यांना जोडून निधीसाठी ग्रामीण पदभ्रमंती कशी करावी?

तुमचा प्रश्न असा आहे: पुण्यात पन्नास-साठ सभासदांचा क्लब आहे, महिन्यातून एकदा संध्याकाळी गप्पा-गाणी-जेवण होतं, आणि आता एखाद्या चांगल्या कामासाठी खेड्यातल्या वाटेवर चालून निधी उभा करायचा आहे. सुरुवात कुठून करायची, पैसे कसे घ्यायचे आणि काय बिघडतं?

सुरुवात पैशांपासून करा, वाट नंतर. चालण्याचा खर्च आणि देणगी या दोन थैल्या पहिल्या दिवसापासून वेगळ्या ठेवा. बस, नाश्ता, जेवण, पाणी, विमा हे सगळं सहभाग शुल्कातून भागलं पाहिजे. देणगीचा रुपयान् रुपया कामाला गेला पाहिजे. ‘सगळे एकत्र जमा करू, खर्च वजा जाता उरेल ते देऊ’ असं ठरवलेल्या कार्यक्रमात शेवटी उरतं फार थोडं, आणि ज्याने शंभर रुपये दिले तोही विचारतो की माझ्या पैशांचे पोहे झाले का. त्याचं विचारणं बरोबरच असतं.

कायद्याची बाजू थोडक्यात. क्लब सार्वजनिक न्यास म्हणून नोंदलेला नसेल, तर लोकांकडून देणगी गोळा करायला महाराष्ट्र सार्वजनिक विश्वस्त व्यवस्था अधिनियमाच्या कलम ४१ क खाली धर्मादाय आयुक्तांच्या कार्यालयाची तात्पुरती परवानगी लागते. गणेश मंडळं घेतात तीच. याहून सोपा मार्ग म्हणजे देणगी क्लबच्या खात्यात घ्यायचीच नाही. ८० जी, म्हणजे देणगीदाराला आयकरात सूट मिळवून देणारी मान्यता, असलेली एखादी नोंदणीकृत संस्था आधी ठरवा, तिच्याशी लेखी बोलणं करा आणि देणगी थेट तिच्या खात्यात जाऊ द्या. पावती तीच देईल. ८० जी ची सूट हवी असेल तर रोख रक्कम २,००० रुपयांच्या वर घेऊ नका, त्यावर सूट मिळत नाही. नवी कररचना निवडलेल्यांनाही ती मिळत नाही, हे आधीच सांगून टाका म्हणजे मार्च महिन्यात फोन येणार नाहीत. सहभाग शुल्क ही देणगी नव्हे. त्याच्या बदल्यात माणूस जेवतो आणि बसने जातो.

पुण्यातल्या क्लबांत हमखास निघणारा एक मुद्दा आहे. सभासदांची मुलं परदेशात असतात आणि ‘आमच्याही नावाने लिहा’ म्हणतात. भारतीय पासपोर्ट असलेल्याने दिलेले पैसे चालतात. ज्याने परदेशी नागरिकत्व घेतलं आहे त्याची देणगी परदेशी स्रोत धरली जाते, मग तो आपल्याच घरातला असो. ती फक्त एफसीआरए (परदेशी देणग्यांबाबतचा कायदा) नोंदणी असलेल्या संस्थेलाच, तिच्या त्यासाठीच्या ठराविक खात्यात घेता येते. संस्थेकडे ही नोंदणी नसेल तर नम्रपणे नाही म्हणा.

काम नेमकं ठरवा. ‘गरजूंना मदत’ यावर कोणी खिशात हात घालत नाही. ज्या गावावरून चालणार आहात तिथल्या जिल्हा परिषद शाळेच्या मुख्याध्यापकांना आणि शाळा व्यवस्थापन समितीला भेटा, काय हवं ते त्यांना सांगू द्या. पाण्याची टाकी, वाडीवरून येणाऱ्या मुलींना सायकली, शौचालयाची दुरुस्ती, जे ठरेल त्याचं दरपत्रक हातात घ्या आणि तीच रक्कम लक्ष्य म्हणून जाहीर करा.

आता संध्याकाळचे मेळावे. ते आणि पदभ्रमंती हे दोन वेगळे कार्यक्रम समजू नका. माझ्या मते चालण्याचं यशापयश आधीच्या दोन मेळाव्यांतच ठरतं. आपल्याकडे सणांनी वेळापत्रक आखूनच दिलं आहे: कोजागरीला घोषणा, डिसेंबरच्या सुरुवातीला तयारीची बैठक, डिसेंबरच्या मध्यावर किंवा जानेवारीच्या पहिल्या पंधरवड्यात चालणं, आणि तिळगुळाच्या कार्यक्रमात हिशेब.

मेळावा साडेसहा ते नऊ ठेवा. कामाचं बोलणं वीस मिनिटांत आटपा आणि ते जेवणाच्या आधी घ्या. जेवणानंतर ठेवलेलं निवेदन ऐकायला निम्मीच माणसं उरतात. खुर्च्या रांगेत मांडल्या की ओळखीचे ओळखीच्यांशेजारी बसतात आणि नवा सभासद दोन तास मोबाइल बघतो. म्हणून सहा-सात जणांची वर्तुळं करा आणि प्रत्येक वर्तुळात यजमानपण एका जुन्या सभासदाकडे द्या. गच्चीवर ध्वनिक्षेपक असेल तर रात्री १० ला बंद. कोजागरीला ज्यांचा मध्यरात्रीचा आग्रह असतो, त्यांनी पुढची गाणी बिनमाइकची म्हणावीत, ती जास्त रंगतात.

मसाला दुधाचं प्रमाण लोक नेहमी विचारतात. पन्नास जणांना दीडशे मिलीचा पेला धरला तर साडेसात लिटर तयार दूध हवं, म्हणून नऊ लिटर म्हशीचं दूध आटवायला घ्या. जाड बुडाचं पातेलं, मध्यम आच, आणि उलथन्याने तळ सतत खरवडणारा एक माणूस. तो फोन घ्यायला गेला की दूध लागतं आणि करपट वास मसाल्याने झाकला जात नाही. साखर आठशे-नऊशे ग्रॅम, पण आटवून झाल्यावर. आधी घातली तर दूध लवकर लागतं. वेलची-जायफळ गॅस बंद केल्यावर.

या मेळाव्यात द्यायची सर्वांत महत्त्वाची वस्तू म्हणजे देणगीचं कार्ड. किलोमीटरमागे इतके रुपये ही पद्धत ऐकायला छान वाटते, पण आपल्याकडे चालत नाही: चालून झाल्यावर पुन्हा वसुलीला जावं लागतं आणि बरेच पैसे राहून जातात. ठराविक रक्कम, आधी जमा. कार्डावर संस्थेचा क्यूआर कोड आणि हे रकाने हवेत: देणगीदाराचं पूर्ण नाव, पत्ता, पॅन, फोन, रक्कम, तारीख, व्यवहार क्रमांक. सगळ्यात जास्त घोळ इथे होतो. लोक नुसता स्क्रीनशॉट पाठवतात, त्यावर नाव अर्धवट असतं, पैसे वडिलांच्या खात्यातून गेलेले असतात आणि पावती मुलाच्या नावे हवी असते. नियम एकच ठेवा: ज्याच्या खात्यातून रक्कम गेली त्याच्याच नावे पावती. व्यवहार क्रमांक त्याच दिवशी तक्त्यात चढवणारा एक माणूस नेमा, दोन नकोत.

शुल्क काढताना पन्नास नोंदी झाल्या तरी हिशेब बेचाळीसवर करा. आदल्या रात्री सर्दी-पाहुणे निघतातच. समजा बस १८,००० आणि विमा, पाणी, औषधपेटी, फलक मिळून ३,०००. हा २१,००० खर्च माणसं कमी आली तरी बदलत नाही. बेचाळीसने भागला तर माणशी ५००. नाश्ता-जेवण माणशी २२० धरलं तर ७२० होतात, शुल्क ७५० ठेवा. दर तुमच्याकडचे वेगळे असतील, रीत हीच.

वाट कोणती? पहिल्याच वर्षी कात्रज-सिंहगड किंवा एखादा किल्ला घेऊ नका. साठीतला सभासद आणि सातवीतलं पोर दोघांना झेपेल, मध्येच सोडून गाडीत बसता येईल आणि बघायला काही असेल अशी वाट हवी. मी सातारा जिल्ह्यातली वाई-मेणवली-धोम ही वाट सुचवेन. वाईच्या गणपती घाटावरून मेणवली साधारण तीन किलोमीटर, तिथून धोम पाचेक. एकूण आठ-नऊ किलोमीटर. मेणवलीत नाना फडणवीसांचा वाडा, कृष्णेचा दगडी घाट, आणि वसईच्या १७३९ च्या विजयानंतर आणलेली मोठी घंटा. धोमला नृसिंहाचं मंदिर आणि महादेवासमोरचा दगडी कासवावर बसवलेला नंदी. वाटेत ऊस आणि जानेवारीत पिवळी पडलेली हळदीची शेतं. चढ नावालाच. बस मेणवलीत थांबवली की ज्यांचे पाय दुखतात ते तिथेच चढतात, त्यात कमीपणा वाटू देऊ नका.

पुण्याहून पावणेपाचला निघा. वाईला पावणेसातपर्यंत पोचता, चहा होतो, आणि सातच्या सुमारास उजाडताना चालायला लागता येतं. अशा मिश्र गटाचा वेग ताशी तीन ते साडेतीन किलोमीटरच असतो, नकाशा पाच दाखवतो तो खरा धरू नका. मेणवलीचा पाऊण तास धरून साडेदहा-अकरापर्यंत धोम. नाताळ ते ३१ डिसेंबर टाळा, महाबळेश्वरची गर्दी वाईतूनच जाते. रविवारी परतताना दोनच्या आत वाई सोडा, संध्याकाळी महामार्ग तुंबतो.

दोन-तीन आठवडे आधी पाहणी कराच, आणि ती तरण्या ट्रेकरने एकट्याने करायची नसते. तुमच्यातल्या सर्वांत सावकाश चालणाऱ्याला सोबत न्या, त्याच वारी, त्याच वेळी. रविवारी गेलात तरच कळतं की ज्या शाळेचं शौचालय वापरायचं ठरलं होतं तिला कुलूप आहे आणि किल्ली शिपायाकडे दुसऱ्या गावात आहे. बायकांसाठी सुरुवातीला, मध्ये आणि शेवटी अशा तीन ठिकाणी स्वच्छ, पाणी असलेली सोय पक्की झाल्याशिवाय तारीख जाहीर करू नका. बायका येईनाशा होतात त्याचं कारण बहुतेक वेळा हेच असतं, आणि ते त्या सांगत नाहीत. बांधावरून जाणार असाल तर शेतकऱ्याला विचारा आणि कालव्याचं आवर्तन कधी आहे तेही विचारून घ्या. पाटाला पाणी सुटलं की कालचा कोरडा बांध आज घोटाभर चिखलाचा होतो. झाडांवर, पुलाखाली, जुन्या भिंतींवर आग्या मोहोळ आहे का ते वर बघून तपासा. असेल तर तिथून वाट वळवा, अत्तर-परफ्यूम लावू नका, धूर-फटाके-ढोल तर नाहीच. ग्रामपंचायतीला आणि पोलीस ठाण्याला माणसांची संख्या, वेळ आणि वाट लिहून पत्र द्या, पोच घ्या.

चालताना दहा-दहाचे गट, प्रत्येकाला एक गटप्रमुख, त्याच्याकडे नावं, घरचा फोन आणि औषधांची माहिती. सर्वांत पुढे लीड, सर्वांत मागे बॅकलीड, दोघांकडे शिट्टी. लीडच्या पुढे कोणी जायचं नाही, बॅकलीडच्या मागे कोणी राहायचं नाही. खरी चूक फाट्यावर होते: पुढचे वळून दिसेनासे होतात, मधला गट फोटो काढत मागे पडतो आणि सरळ निघून जातो. म्हणून प्रत्येक फाट्यावर बॅकलीड नजरेस पडेपर्यंत लीडने थांबायचं. पण मागचे पोचले की लगेच निघायचं नाही. नाहीतर पुढच्यांना विश्रांती मिळते आणि जो सर्वांत दमलेला आहे त्यालाच मिळत नाही. तो आल्यावर पाच मिनिटं मोजा. डांबरी रस्त्यावर उजव्या कडेने, समोरून येणारं वाहन दिसेल असं, एकामागे एक चाला. गाळपाचा हंगाम असतो, उसाच्या जोड ट्रॉल्या लवकर थांबत नाहीत.

पाणी प्रत्येकाकडे एक लिटर, शिवाय दोन थांब्यांवर वीस-वीस लिटरचे दोन जार. छोट्या बाटल्या वाटू नका, त्या शेवटी पाटात सापडतात. ओआरएसचं मोठं पाकीट पूर्ण एक लिटर पाण्यातच. पेलाभर पाण्यात कालवलं तर अपायच होतो. नवे बूट नकोत. टाच चुरचुरायला लागली की लगेच थांबून चिकटपट्टी लावा, फोड आल्यावर उपयोग नाही. मधुमेहींनी उपाशी चालू नये, खिशात साखर असावी. वाईच्या ग्रामीण रुग्णालयात सर्पदंशावरचं प्रतिविष उपलब्ध आहे का हे आदल्या दिवशी विचारून घ्या, रुग्णवाहिकेचा १०८ क्रमांक सगळ्यांच्या फोनमध्ये असू द्या.

नाश्ता गावातल्या महिला बचत गटाला सांगा आणि पैसे त्याच दिवशी हातात द्या. पन्नास जणांना पाच किलो जाड पोहे, तीन किलो कांदे, अर्धा-पाऊण किलो शेंगदाणे, लिटरभर तेल, पंचवीस लिंबं. पोहे आधी भिजवून ठेवले की गोळा होतो. गट अर्ध्या तासावर आला की फोन करा, तेव्हा धुऊन निथळत ठेवायचे, आणि दोन घाणे करायचे.

हिशेबाच्या संध्याकाळी दोन कागद भिंतीवर लावा, एक शुल्काचा, एक देणगीचा. देणगीच्या कागदावर संस्थेच्या खात्याचा उतारा आणि शाळेचं पोचपत्र असावं. शुल्कातून काही उरलं असेल तर ते परत द्यायचं, पुढच्या वर्षाला ठेवायचं की शाळेला द्यायचं हे समितीने ठरवू नये. त्याच बैठकीत हात वर करून घ्या आणि इतिवृत्तात लिहा.