जानेवारीत मुंबईची गाडी स्पितीला नेताना दारे गोठू नयेत म्हणून काय करावे?

तुम्ही विचारले आहे की, जानेवारीत मुंबईहून स्वतःची गाडी घेऊन शिमला-किन्नौरमार्गे स्पितीतल्या काझ्याला जायचे आहे, तिथे दारांची कुलुपे गोठतात असे ऐकले आहे, तर सोबत कोणता फवारा न्यावा. मी हा प्रवास मुंबईच्याच गाडीने केला आहे. फवाऱ्याबद्दल पुढे लिहितोच, पण खरे काम निघण्यापूर्वी मुंबईत करायचे असते आणि बहुतेक लोक तेच विसरतात.

कुलूप थंडीने गोठत नाही, त्यात शिरलेले पाणी गोठते. मुंबईत आजवरचे सर्वांत कमी तापमान २२ जानेवारी १९६२ रोजी ७.४ अंश सेल्सिअस नोंदवले गेले, म्हणजे आपल्या गाडीतल्या पाण्याचा बर्फ होण्याची वेळ इथे कधी येतच नाही. त्यामुळे ते पाणी आपल्या लक्षातही येत नाही. चार महिन्यांच्या पावसात खिडकीच्या काचेवरून दाराच्या पोकळीत पाणी उतरते आणि दाराच्या खालच्या कडेला असलेल्या बारीक भोकांतून ते बाहेर पडावे अशी रचना असते. रस्त्यावरच्या चिखलाने ती भोके बुजतात. दार हलवून कान द्या. आत पाणी डुचमळल्याचा आवाज आला तर ते तिथेच साचलेले आहे. काझ्याला, साडेतीन हजार मीटरहून अधिक उंचीवर, रात्रीचे तापमान उणे २० अंशांपर्यंत उतरते. गोठताना पाणी सुमारे ९ टक्के फुगते, त्यामुळे लॅच (दार बंद धरून ठेवणारी खिट्टी), आतल्या तारा आणि चावीच्या भोकातल्या बारीक पत्र्या यांपैकी जे त्याच्या वाटेत येईल ते जखडले जाते.

म्हणून निघण्याच्या आठवडाभर आधी चारही दारांची भोके बारीक तारेने मोकळी करा. नंतर मिस्त्रीकडून लॅचमधले जुने ग्रीस पूर्ण पुसून घ्या. वर्षानुवर्षे धूळ आणि खारी हवा खाऊन ते ग्रीस चिकट झालेले असते. मुंबईच्या उकाड्यात त्याने काम भागते, पण कडक थंडीत ते मेणासारखे घट्ट होते. त्याजागी थंडीतही पातळ राहणारे सिलिकॉनचे किंवा पांढरे लिथियम ग्रीस हवे. दारांच्या कडेच्या रबरी पट्ट्या, ज्यांना गॅरेजात बीडिंग म्हणतात, कोरड्या पुसून त्यांवर सिलिकॉनचा पातळ हात फिरवा. तिथे इंजिन ऑइल किंवा साधे ग्रीस लावू नका, कारण खनिज तेलाने ते रबर फुगते आणि सैल होते. हे सगळे सामान कुर्ल्याच्या सीएसटी रोडवर मिळते. चावीच्या भोकात ग्रॅफाइटची कोरडी पूड घालणे मला सर्वांत योग्य वाटते. डब्ल्यूडी-४० हे नाव मुळात पाणी हटवण्याच्या चाळिसाव्या प्रयोगावरून आले आहे आणि पाणी घालवायला ते उपयोगी आहेच, परंतु ते लवकर उडून जाते, त्यामुळे ग्रीसची जागा ते घेऊ शकत नाही.

एवढे करूनही सकाळी दार उघडले नाही, तर हँडल जोराने ओढू नका. आमच्यापैकी एकाने नेमके तेच केले आणि प्लॅस्टिकचे हँडल त्याच्या हातात आले, कारण थंडीत प्लॅस्टिक ठिसूळ होते. बहुतेक वेळा कुलूप मोकळे असते आणि दार फक्त रबराला चिकटलेले असते. अशा वेळी दार आधी आतल्या बाजूला, म्हणजे गाडीकडे, खांद्याने दाबावे. कडेचा बर्फ तडकतो आणि मग हलक्या हाताने ओढले तरी दार येते. चारही दारे आणि मागची डिकी करून पाहा, कारण वाऱ्याच्या आडोशाची बाजू अनेकदा मोकळी असते.

कुलूपच जखडले असेल, तर निर्जल आयसोप्रोपिल अल्कोहोलचे काही थेंब भोकात सोडा. ते उणे ८९ अंशांपर्यंत गोठत नाही. हाताला लावायचे द्रवरूप सॅनिटायझरही चालते, जेल मात्र टाळा. ही बाटली गाडीत न ठेवता रात्री खोलीत ठेवा. अल्कोहोल जुने वंगणही धुऊन नेते, त्यामुळे दार उघडल्यावर भोक कोरडे करून ग्रॅफाइट पुन्हा घालावे लागते. भोकात तोंडाने फुंकर मारू नका, कारण श्वासातली वाफ तिथेच गोठते. उकळते पाणी तर कधीच ओतू नका. काच तडकू शकते आणि ओतलेले पाणी काही मिनिटांत नवा बर्फ होऊन बसते. त्याऐवजी शेकायची रबरी पिशवी कोमट पाण्याने भरून, तोंड घट्ट बंद करून, कुलपाच्या जागी दहा मिनिटे धरावी. लायटरने चावी तापवण्याचा सल्ला सर्रास दिला जातो, पण हल्लीच्या चावीच्या मुठीत चिप असते आणि ती बिघडली तर गाडी सुरूच होणार नाही.

याहून त्रासदायक प्रकार म्हणजे दार उघडते, पण पुन्हा लागत नाही. लॅचमधला आकडा फिरतो, परंतु त्याला अडवून धरणारी कळ बर्फात किंवा घट्ट ग्रीसमध्ये अडकलेली असते. दार आपटून उपयोग नसतो, उलट लॅच वाकतो. लॅचमध्ये अल्कोहोल सोडा, पाच मिनिटे थांबा आणि पेचकसाने आकडा बंद करून पाहा. तो टक् असा आवाज करून अडकला, तर हँडल ओढून सोडवा आणि ही क्रिया तीन-चार वेळा करा. दार दोरीने बांधून मात्र किन्नौरच्या त्या रस्त्यावर गाडी मुळीच काढू नका. आकडा धरेपर्यंत, दुपार झाली तरी, तिथेच थांबा.