शेतावरच्या ग्रिलमधला कोळसा रॉकेलशिवाय लवकर कसा पेटवायचा?

तुम्ही विचारलंय की वेल्डरकडून अर्ध्या ड्रमची ग्रिल करून घेतली, कोळशाचं पोतं आणलं, पण पेटायला पाऊण तास जातो, सगळी सांदवाडी (घरामागचं परस) धुरानं भरते आणि रॉकेल ओतलं की कोंबडीला त्याचाच वास येतो. आम्ही विदर्भातल्या वणीकडचे. शेतावर पाहुणे आले की आमच्याकडे भाजणं कोळशावरच होतं, म्हणून जरा सविस्तर सांगतो.

तुम्ही लिहिलंय, "कोळसा ड्रममध्ये पसरवतो आणि वरून रॉकेल टाकतो." अडचण तिथेच आहे. लाकूड तापलं की त्यातून वायू निघतात आणि ते ज्योतीनं जळतात. कोळसा तयार करताना भट्टीत हवा कोंडून हे वायू आधीच काढून टाकलेले असतात. उरतो तो बहुतेक कार्बन, आणि तो वरच्या थरावर, हवा लागेल तिथेच धुमसत जळतो. रॉकेलची ज्योत मोठी दिसते, पण ती वरवर जळून जाते आणि खालचा कोळसा थंडच राहतो. शिवाय एखादा कोळसा लाल झाला तरी तो एकटा पडला असेल तर विझतो, कारण त्याची उष्णता चहूकडे निघून जाते. चार कोळसे एकमेकांना खेटून असले की एकमेकांना तापवत राहतात. म्हणून पेटवताना कोळसा रचायचा, आणि पसरायचा तो पेटल्यावर. विस्तव खाली, कोळसा त्याच्यावर, आणि हवा सगळ्यात खालून. गरम हवा वर चढते तशी खालून ताजी ओढली जाते, त्यामुळे ढीग जितका उभा, तितकी ओढ चांगली.

घरी चूल पेटत असेल तर पुढचं फार वाचायचीही गरज नाही. स्वयंपाक उरकला की चुलीतले आठ-दहा ठसठशीत इंगळ चिमट्यानं काढा, ग्रिलच्या जाळीवर मधोमध जवळजवळ ठेवा, त्यांच्यावर कोळशाचे लहान तुकडे, त्यावर मोठे, असा ढीग करा. ढीग दाबून बसवू नका, फटी राहू द्या. मग सुपानं किंवा पुठ्ठ्यानं खालच्या अंगाला वारा घाला. आमच्याकडे सिगडी अशीच पेटत आली आहे, आणि यात धूर जवळजवळ नसतोच.

चूल नसेल तर तेलाचा पंधरा किलोचा रिकामा डबा मिळवा. माझ्या मते ग्रिलवाल्या माणसासाठी यापेक्षा उपयोगी वस्तू नाही. शहरात याच कामाची तयार नळी विकत मिळते, पण आपल्याला डबा पुरतो. वरचं झाकण आणि खालचा तळ दोन्ही कापून टाका. खालच्या कडेपासून चार बोटं वर आरपार भोकं पाडून दोन-तीन सळया आडव्या-उभ्या घाला आणि त्यांच्यावर जाड लोखंडी जाळीचा तुकडा बसवा. जाळीच्या खाली चारही बाजूंना अंगठा जाईल एवढी भोकं पाडा. वरच्या बाजूला जाड तारेचा कान करून त्याला लाकडी मूठ लावा. कापलेल्या कडा हातोडीनं आत वळवून घ्या, नाही तर हात कापतो. पहिल्या वेळी डबा नुसता काड्यांवर तापवून त्याच्यावरचा रंग जाळून टाका आणि तेव्हा जवळ उभे राहू नका. पत्रा पातळ असतो, काही वापरांनंतर जळून चाळणी होतो. मग दुसरा करायचा.

दोन गोष्टी मात्र कटाक्षानं पाळा. फवारणीच्या औषधाचा किंवा तणनाशकाचा डबा यासाठी कधीच घेऊ नका, कितीही धुतला तरी नाही. तुमच्या ग्रिलचा ड्रम आधी कशाचा होता हेही वेल्डरला विचारून घ्या. रसायनाचा असेल तर तो स्वयंपाकाच्या कामाचा नाही. आणि जस्ताचा मुलामा असलेली बादली कापून नळी करू नका. जस्त तापलं की त्याच्या वाफा निघतात आणि त्या छातीत गेल्या तर थंडी वाजून ताप भरतो.

आता पेटवणं. डबा ग्रिलच्या जाळीवर किंवा दोन विटांवर ठेवा. फरशीवर नको, तापली की तडकते. आत कोळसा अर्ध्यापर्यंत भरा, तेवढाच साधारण दोन किलो होतो आणि पाच-सहा माणसांच्या चिकनला भरपूर आहे. डब्याच्या खालच्या रिकाम्या जागेत पेटवण सरकवा. इथे विदर्भातल्या माणसाला कुठे बाहेर जायची गरजच नाही. तुरीचा हंगाम झाला की तुराट्यांचे भारे बांधावर पडलेले असतात. वाळलेली तुराटी माचिसची काडी लावताच पेटते आणि तिची ज्योत उंच चढते. वितभर लांबीचे तुकडे मोडा, मूठभर घ्या आणि आडवेतिडवे ठेवा म्हणजे मधून हवा खेळेल. पऱ्हाट्या, म्हणजे कापसाच्या वाळक्या काड्याही चालतात. त्या जाड असतात, उशिरा पेटतात, पण जास्त वेळ टिकतात, म्हणून खाली तुराटी आणि वर एक-दोन पऱ्हाट्या असा मेळ मला सगळ्यात बरा वाटतो. (पऱ्हाट्यांचे ढीग पावसाळ्यापर्यंत ठेवूच नका, त्यातल्या वाळक्या बोंडांत गुलाबी बोंडअळी दडून राहते. तेवढ्यासाठी तरी त्या आधी जाळून संपवा.)

काड्या नसतील तर कापूस. लिंबाएवढा रुईचा गोळा घ्या, तळणाच्या उरलेल्या तेलात बुडवून पिळून काढा आणि थोडा पिंजून सैल करा, म्हणजे लगेच पेट घेतो. असे दोन गोळे डब्याखाली ठेवून पेटवले की कितीतरी मिनिटं जळत राहतात. देवापुढची फुलवात जशी तेल संपेपर्यंत तेवते तसंच हे. नुसता कागद भुर्रकन जळून जातो आणि त्याची राख उडून कोळशावर बसते. कागदच वापरायचा असेल तर त्याच्यावरही चमचाभर तेल शिंपडा. अंड्यांचा पुठ्ठ्याचा ट्रे याहून चांगला. त्याच्या खळग्यांत कोळशाचे छोटे तुकडे ठेवून तो तसाच डब्याखाली सरकवायचा. कापराच्या चार वड्याही काम करतात, फक्त काजळी धरते, म्हणून तो पुरता जळून गेल्याशिवाय वर काही भाजायला ठेवू नका. गोवरी हवी असेल तर आधी बाहेर पेटवून तिचा धूर जाऊ द्या आणि ती लाल झाल्यावर कोळशाखाली घाला. रोडगे, पानगे भाजायला गोवरीचा विस्तव उत्तमच, पण चिकनखाली धुमसती गोवरी नको.

पेटवल्यावर पहिली काही मिनिटं पांढरा धूर येईल. घाबरू नका आणि डब्याला हात लावू नका. फुंकू नका, हलवू नका, वरून अजून काही टाकू नका. धूर हळूहळू पातळ होतो, आतून कडकड आवाज येतो, मग वरच्या कोळशांच्या फटीतून ज्योतीची टोकं दिसू लागतात. सगळ्यात वरच्या कोळशाच्या कडा राखाडी झाल्या की झालं. याला साधारण पंधरा ते वीस मिनिटं लागतात, पावसाळी दमट हवेत थोडं जास्त. मग मूठ धरून डबा अलगद उलटा करा आणि कोळसा हवा तसा पसरा. हाताला कोरडं जाड कापड घ्या. ओल्या फडक्याची क्षणात वाफ होते आणि हात भाजतो.

भाजायला घाई करू नका. कोळसा काळा दिसतोय तोवर धूर देतो, आणि तो धूर पदार्थाला कडवट करतो. सगळ्यावर राखेचा पातळ थर आला आणि आत लाली दिसली की जाळीपासून वितभर वर तळहात धरून पाहा. दोन-तीन सेकंदांत हात मागे घ्यावा लागला तर आच कडक आहे, कणसांना आणि पातळ तुकड्यांना ती बरी. पाच-सहा सेकंद सोसवलं तर मध्यम, तंगडीसाठी तीच ठेवा, नाही तर वरून जळते आणि हाडाजवळ कच्ची राहते. भरताची वांगी मात्र जाळीवर ठेवूच नका, सरळ इंगळांत घाला.

पोत्याबद्दलही विचारतो. तुमचा कोळसा नेमका कोणता आहे? आमच्या भागात हा प्रश्न फार महत्त्वाचा. वणी, घुग्घुस, चंद्रपूर, उमरेड हा सगळा खाणींचा पट्टा, त्यामुळे दगडी कोळसा सहज हाती लागतो आणि काही जण तोच ग्रिलमध्ये टाकतात. तो खाण्याच्या पदार्थाखाली अजिबात चालत नाही. त्यात गंधक असतं, डांबरासारखा धूर निघतो आणि तो अन्नावर बसतो. दुसरी फसगत पांढऱ्या कोळशाची. सोयाबीनचं कुटार (मळणीनंतर उरलेलं काड), पऱ्हाटी यांचा भुसा दाबून केलेल्या त्या कांड्या कारखान्यांच्या बॉयलरसाठी असतात. त्या कोळसा झालेल्याच नसतात, म्हणून लाकडासारख्याच धूर करतात. तुम्हाला हवा तो लाकडी कोळसा. इस्त्रीवाल्याला विचारा, तो कुठून घेतो ते सांगेल. दोन तुकडे एकमेकांवर आपटून पाहा. चांगला जळलेला, कोरडा कोळसा खणखणीत वाजतो. धप्प आवाज आला तर तो ओला आहे किंवा आत लाकूडच राहिलंय. बाभळीचा कोळसा जड, पेटायला उशीर लावतो पण खूप वेळ आच देतो. हलक्या लाकडाचा लवकर पेटतो आणि लवकर संपतो.

तुमच्या पाऊण तासामागे ओलावाही असू शकतो. कोळसा हवेतलं पाणी शोषतो. पोतं जमिनीवर, भिंतीला टेकून ठेवलं असेल तर पावसाळ्यात तो पेटणार नाहीच. लाकडी फळीवर ठेवा, तोंड बांधून ठेवा, आणि भाजायच्या दिवशी लागेल तेवढा कोळसा सकाळपासून उन्हात पसरा. पोत्याच्या तळाचा चुरा पेटवताना घालू नका. तो फटी बुजवतो आणि हवा अडते.

आता जे कळकळीनं सांगायचंय ते. रेशनचं रॉकेल मिळेनासं झालं तसं लोक बाटलीतलं पेट्रोल वापरायला लागले आहेत. पेट्रोलची वाफ उणे चाळीस अंशांच्या आसपासही पेट घेऊ शकते, म्हणजे आपल्या उन्हाळ्यात बाटली उघडल्यापासूनच धोका सुरू होतो. ही वाफ हवेपेक्षा जड असते, जमिनीलगत पसरते आणि माचिस ओढली की पायाशीच भडका होतो. पेटलेल्या किंवा विझल्यासारख्या वाटणाऱ्या कोळशावर तर कुठलंच तेल ओतू नका. ज्योत धारेवरून चढून बाटलीपर्यंत येते. सॅनिटायझर, स्पिरिटही नको, त्याची ज्योत दिवसा उजेडात दिसतच नाही आणि माणूस वरून आणखी ओततो. ट्रॅक्टरचं जळकं ऑईल, ट्यूबचे तुकडे, प्लास्टिकची पन्नी या गोष्टी शेतावर हाताशी असतात आणि पेटतातही झटकन, पण त्यांचा विषारी धूर थेट ताटात येतो. लेकरं जेवणार आहेत एवढं लक्षात ठेवलं तरी हात आवरेल.

पंखा, ब्लोअर याबद्दल तुम्ही विचारलंत. हातानं फिरवायचा लोहाराकडचा ब्लोअर कोळसा फार लवकर पेटवतो, पण ठिणग्या लांबवर उडवतो. शेतावर आजूबाजूला काय असतं? कडब्याची गंजी, कुटाराचा ढीग, दिवाळीनंतर वेचून ठेवलेला कापूस. एक ठिणगी वर्षभराची मेहनत घेऊन जाईल. वारा कुठून कुठे आहे ते माती उडवून बघा, गंजी वाऱ्याच्या खालच्या अंगाला असेल तर ग्रिल दुसरीकडे हलवा. उन्हाळ्यात दुपारच्या वावधानात पेटवूच नका, संध्याकाळी वारा पडू द्या. बाजूला पाण्याची बादली आणि टोपलंभर माती असलीच पाहिजे. ब्लोअर वापरायचाच असेल तर कोळसा अर्धा पेटल्यावर, हळू, आणि जमिनीलगत.

जेवण झाल्यावर थंडी आहे म्हणून ती सिगडी किंवा ग्रिल खोलीत नेऊ नका. जळत्या कोळशातून कार्बन मोनॉक्साइड निघतो. त्याला ना रंग, ना वास. दारं-खिडक्या लावून झोपलेली माणसं त्यात झोपेतच जातात. धूर दिसत नाही म्हणून सुरक्षित वाटतं आणि तिथेच घात होतो. हेच कारण आहे की पावसात ग्रिल ओसरीत ओढायची असेल तरी ती दोन बाजूंनी मोकळी हवी.

उरलेला कोळसा पाणी मारून वाया घालवू नका. घट्ट झाकणाच्या लोखंडी डब्यात चिमट्यानं टाका आणि झाकण लावा, हवा तुटली की तो विझतो. उकिरड्यावर राख टाकायची तर दुसऱ्या दिवशी, काडीनं उकरून पूर्ण थंड झाल्याची खात्री करूनच, कारण राखेखाली इंगळ कितीतरी तास जिवंत राहतात. डब्यात विझवलेला अर्धा जळलेला कोळसा कोरडा आणि हलका असतो, नव्यापेक्षा लवकर पेट घेतो. पुढच्या खेपेला डब्याच्या तळाशी, तुराट्यांच्या अगदी वर, त्याचेच चार मोठे तुकडे ठेवा.