संकेतस्थळाचा मेनू कोणत्या टॅगमध्ये लिहावा?

प्रश्न : पंचवटीतील एका घरगुती निवासाचे संकेतस्थळ मी तयार करीत आहे. मुखपृष्ठ, खोल्या, दर, जवळची ठिकाणे आणि संपर्क हे पाच दुवे मी डिव्ह (div) या टॅगमध्ये ठेवले असून सीएसएसमुळे, म्हणजे पानाचे रूप ठरवणाऱ्या भाषेमुळे, ते हवे तसे दिसतात. एका मित्राच्या मते तेथे नॅव्ह (nav) हा टॅग आणि यादी वापरावी, शिवाय घटकाचे काम सांगणाऱ्या रोल (role) या गुणधर्मात मेनू (menu) लिहावे. दिसण्यात फरक पडणार नसेल, तर हा खटाटोप कशासाठी?
– एक वाचक, नाशिक

उत्तर : मित्राचे पहिले म्हणणे योग्य आहे, दुसरे नाही.

डिव्हला स्वतःचा अर्थ नसतो. नॅव्हला तो आहे, आणि २०१४ साली एचटीएमएल ५ ही पानाची रचना लिहिण्याची भाषा प्रमाणित झाल्यापासून तो सर्वमान्यही आहे. फरक डोळ्यांना दिसत नाही, तो कानांना कळतो. एनव्हीडीए हा मोफत स्क्रीनरीडर, म्हणजे अंध व्यक्तींना पडद्यावरचा मजकूर वाचून दाखवणारा प्रोग्रॅम, संगणकावर घ्या, मॉनिटर बंद करा आणि आपलेच पान ऐका. सध्या ‘लिंक, खोल्या, लिंक, दर’ असे दुवे एकामागून एक ऐकू येतील, ते किती आहेत आणि कोठे संपतात, याचा पत्ता लागणार नाही. तेच दुवे नॅव्हमधील यूएल (ul, यादी) आणि एलआय (li, यादीतील घटक) या टॅगमध्ये ठेवले, तर येथे नेव्हिगेशन आहे व पाच घटकांची यादी आहे, हे आधीच सांगितले जाते आणि ‘डी’ ही कळ दाबत पानावरील कोठूनही तेथे येता येते. आयफोनवर तर आणखी एक कारण आहे : सीएसएसने यादीचे ठिपके काढले की सफारी हा ब्राउझर ती यादी असल्याचे सहसा सांगत नाही, मात्र नॅव्हच्या आत असल्यास सांगते.

प्रत्येक दुवा ए (a) टॅगच असावा. स्पॅन (span) या अर्थ नसलेल्या टॅगला क्लिक जोडून केलेल्या ‘दुव्या’पर्यंत टॅब कळ पोहोचतच नाही, आणि हा दोष मला सर्वांत गंभीर वाटतो.

रोल म्हणून मेनू मात्र लिहू नये. तो संगणकावरील प्रोग्रॅममधल्या ‘फाइल’, ‘एडिट’ अशा मेनूंसाठी आहे. तो ऐकताच वापरणारा बाणांच्या कळा दाबू लागतो आणि आपल्या पानावर त्या कळांनी काहीच होत नाही. ‘जवळची ठिकाणे’खाली रामकुंड, काळाराम मंदिर, पांडवलेणी अशी उपयादी उघडायची असल्यास तेथे साधे बटण द्यावे आणि एरिया-एक्स्पांडेड (aria-expanded) या गुणधर्माने ती उघडी की मिटलेली, हे कळवावे.

पांडवलेणीच्या पानावर ‘मुखपृष्ठ, जवळची ठिकाणे, पांडवलेणी’ अशी वाट दाखवणार असाल, तर तो दुसरा नॅव्ह होईल. तेथे क्रमाला अर्थ असल्याने ओएल (ol, क्रमवार यादी) घ्यावा, आणि दोन्ही नॅव्ह वेगळे ओळखू यावेत म्हणून नाव देणाऱ्या एरिया-लेबल (aria-label) या गुणधर्मात ‘मुख्य’ व ‘आपण येथे आहात’ असे लिहावे. लेबलात ‘नेव्हिगेशन’ हा शब्द घातल्यास तो दोनदा ऐकू येतो. चालू पानाच्या दुव्याला एरिया-करंट (aria-current) हा गुणधर्म जोडून त्याची किंमत ‘पेज’ (page) ठेवावी; केवळ रंग बदलून ते कळत नाही. तळाशी असलेल्या दोन-तीन दुव्यांना फूटर (footer) हा टॅग पुरेसा आहे.

आपले पान मराठीत आहे, म्हणून सर्वांत बाहेरच्या एचटीएमएल टॅगवर भाषा सांगणाऱ्या लँग (lang) या गुणधर्माची किंमत ‘एमआर’ (mr) द्यायला विसरू नका. स्क्रीनरीडर मराठी आवाज निवडतो तो त्यावरूनच.